मिरजेच्या सतारमेकर गल्लीत फ्रेटलेस झालेली बेस गिटार

बेस गिटारचे फ्रेट, म्हणजे मानेवरचे धातूचे आडवे पडदे, काढून ती फ्रेटलेस करून घ्यायची असेल तर सांगली-मिरजेच्या माणसाने ती पुण्या-मुंबईला पाठवू नये, एवढं आधीच सांगून टाकतो. लाकूड, तार आणि घोडी यांचं काम मिरजेत होतं, आणि असं होतं की गिटारच्या दुकानात बसणाऱ्याला त्यातलं निम्मं सुचणारही नाही. वायरिंगचं काम मात्र तिथे नेऊ नका. कारखान्याचं नाव लिहीत नाही. तिथल्या कारागिराची, चाचांचीच ताकीद आहे, "मास्तर, नाव छापू नका. उद्या पोरं गिटारी घेऊन दारात उभी राहतील, मग माझे तंबोरे कोण करायचे?"

माझं सांगायचं तर दिवसा हळदीच्या अडत दुकानात वह्या लिहितो आणि रात्री बेस वाजवतो. ऑर्केस्ट्रा, लावणीचा कार्यक्रम, गणपती, कोणाच्या तरी साठीला जुन्या गाण्यांची मैफल, नाताळात मिरजेच्या चर्चमध्ये कॅरल. बेसवाल्याला विचारून कोणी गाणी ठरवत नाही, त्यामुळे सगळं वाजवता यावं लागतं. भावे नाट्यमंदिरात पहिल्या अंकाला नाट्यगीत आणि दुसऱ्याला डिस्को असं एकाच तिकिटात वाजवलेलं आहे.

फ्रेटलेसचं खूळ डोक्यात शिरलं ते जाको पास्टोरियस या अमेरिकन बेसवादकामुळे. ज्यांना हे नाव नवं आहे त्यांच्यासाठी थोडं सांगतो, कारण त्याशिवाय मी चाचांकडे नेमकं काय मागायला गेलो होतो ते कळणार नाही. जाकोचा जन्म १९५१चा, पेनसिल्व्हेनियातल्या नॉरिसटाउनचा. वाढला फ्लोरिडात, फोर्ट लॉडरडेलला. वडील ड्रमर आणि गायक, हाही आधी ड्रमरच. मनगट दुखावलं म्हणून बेसकडे आला. विशीत असताना, १९७२च्या सुमाराला, तो वेन कॉक्रन नावाच्या गायकाच्या सी. सी. रायडर्स या बँडबरोबर गावोगाव हिंडत होता. म्हणजे आपला ऑर्केस्ट्राच की! रोज रात्री नवं गाव, लोकांना नाचवायचं, बेसचा सोलो कोणी मागत नाही, पण बेस जरा सुटला की अख्खं स्टेज बसतं. जाकोचा फंक, म्हणजे ठेक्यावर नाचवणारी ती शैली, तिथे पक्का झाला असं माझं ठाम मत आहे. अंगठ्याने तार ठोकायची पद्धत त्या काळात जोरात होती, हा त्या वाटेला फारसा गेला नाही. दोन बोटांनी, एका मात्रेत चार घाव, त्यातले दोन-तीन दाबून मुके केलेले. चौगुनीत चालणारी ढोलकी ज्याने ऐकलीय त्याला ही चाल लगेच पायात येते.

आणि मग १९७६ हे एकच साल बघा. स्वतःच्या नावाची पहिली रेकॉर्ड आली. तिच्या सुरुवातीलाच बीबॉप या वेगवान जॅझ शैलीतली एक अवघड धून, जी सॅक्सोफोनवाल्यांनाही घाम फोडते, ती याने नुसत्या काँगा या ढोलांच्या साथीवर बेसवर वाजवलीय. लगेच पुढच्या गाण्यात सॅम आणि डेव्ह ही जोडी तारस्वरात सोल गातेय आणि खाली हाच माणूस फंक कुटतोय. त्याच वर्षी गिटारवादक पॅट मेथेनीच्या पहिल्या रेकॉर्डवर तो, गायिका जोनी मिचेलच्या गाण्यांखाली तो, आणि वेदर रिपोर्ट या जॅझ-फ्यूजन बँडमध्ये दाखलही झाला तो. पुढच्या वर्षी, १९७७ला, त्या बँडची 'हेवी वेदर' ही रेकॉर्ड आली आणि जॅझ न ऐकणाऱ्यांनीही विकत घेतली. बीबॉप, फंक, कवयित्रीसारखं गाणाऱ्या बाईची साथ आणि एवढा मोठा फ्यूजन बँड, सगळं पेललं एकाच बेसने. १९८७ साली गेला, वय फक्त ३५. शेवटची वर्षं आजारपणात आणि रस्त्यावर गेली. त्यात शिरत नाही.

ती बेस म्हणजे १९६२ची फेंडर जॅझ बेस, फ्रेट उपटलेली. सुरीने स्वतः उपटले असं तो सांगायचा; कधी आधीच काढलेली घेतली असंही सांगायचा. खाचा लाकडाच्या लांबीने, म्हणजे पुट्टीने, बुजवल्या आणि वर बोटींना मारतात तो इपॉक्सी, म्हणजे टणक राळेचा थर, चढवला. त्याआधी त्याच्याकडे उभा डबल बेस होता, तो फ्लोरिडाच्या दमट हवेत फुटला म्हणतात. कृष्णाकाठच्या माणसाला यात नवल वाटणार नाही. २०१९चा पूर ओसरल्यावर सांगलीत लोकांनी भाते फुगलेल्या पेट्या दारात आणून टाकलेल्या मी पाहिल्यात.

माझी बेस त्याच घाटाची, पण कुठल्याशा स्वस्त कंपनीची नक्कल. वीस फ्रेट, मानेवर बोटं दाबायची रोझवुडची पट्टी, चौतीस इंची तार. दुसऱ्याकडून घेतलेली. फ्रेट इतके झिजले होते की खालच्या पाच घरांत तार दाबली की सूर येण्याआधी खडखड यायची. एका मोठ्या शहरातल्या दुकानाला फोटो पाठवले. त्यांनी फ्रेट बदलायचा जो भाव सांगितला त्यात दुसरी जुनी बेस आली असती, आणि वर, "सर, तुम्ही नवीनच का नाही घेत?" असा सल्ला फुकट. नवीन घेण्याएवढे पैसे असते तर फोटो कशाला पाठवले असते?

मिरजेचं नाव आमच्या तबलावाल्याने सुचवलं. सतारमेकर गल्लीत मी आयुष्यभर जातोय, पण बेस घेऊन जायचं कधी डोक्यात आलं नव्हतं. हा धंदा इथे एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर फरीदसाहेबांनी सुरू केला. मूळचं घराणं हत्यारं बनवणारं. पटवर्धनांच्या संस्थानात तलवारींची मागणी आटली आणि तेच हात तंबोऱ्याकडे वळले. गायक अब्दुल करीम खाँसाहेब मिरजेला येऊन राहिल्यावर तर गल्लीला कानाचा मोठा गिऱ्हाईकच मिळाला. २०२४ साली मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला जीआय (भौगोलिक) मानांकन मिळालं, त्याचे फ्लेक्स बरेच दिवस लागले होते. हे सगळं ठाऊक असूनही बेस तिथे न्यायची म्हणजे वरातीच्या घोड्याला नाल मारायला सोनाराकडे नेल्यासारखं वाटत होतं.

चाचांनी बेस मांडीवर आडवी घेतली. आधी काहीच बोलले नाहीत. सगळ्यात जाड तार मोकळी छेडली आणि कान थेट मानेच्या टोकाला लावला. ॲम्प नाही, काही नाही. मग पातळ तार. मग विचारलं, "ह्याचे पडदे बांधलेले नाहीत, ठोकलेले आहेत. काढले तर सरकवून परत बांधता यायचे नाहीत. नक्की काढायचे?" सतारीचे पडदे दोऱ्याने बांधलेले असतात, सुरात हवे तसे सरकतात, त्यामुळे कायमचे ठोकलेले पडदे ही त्यांच्या दृष्टीने मुळातच अडाणीपणाची गोष्ट. मी मोबाईलवर जाको ऐकवला. त्यांनी डोळे मिटून थोडा ऐकला आणि म्हणाले, "हा पडद्याविना वाजवतोय, पण जवारी आहे. घोडीवर नाही. बोटाखाली आहे."

तिथे माझं काम झालं. फ्रेटलेसवर जो गाता, किंचित नाकातला आवाज येतो, तो काढायला लोक इंटरनेटवर पानंच्या पानं वाचतात. इथे एका वाक्यात निदान. तंबोऱ्याच्या घोडीचा माथा रुंद आणि हलक्या उताराचा असतो, तार कंप पावताना त्या उताराला पुसटशी घासत राहते, आणि त्या घासण्यातून वरचे स्वर, म्हणजे उपस्वर, फुलतात; हीच जवारी. सी. व्ही. रामन यांनी १९२१ साली याच गोष्टीवर लिहिलंय. तार जिथे छेडली तिथे जे उपस्वर नियमाने गप्प बसायला हवेत तेही या घोडीमुळे बोलतात, हे त्यांनी दाखवलं. फ्रेटलेस बेसवर तेच होतं, फक्त घोडीच्या जागी पट्टीचं सपाट लाकूड. बोटाच्या पुढे तार लाकडाला चिकटून निघते आणि हळूच सुटते. तिथे पट्टी किती सपाट, किती खोल, यावर सगळा खेळ.

आता प्रत्यक्ष काम. पडदे काढण्याआधी त्यांनी जाड पुठ्ठ्याचे तुकडे कापून पट्टीच्या गोलाईवर बसवून बघितले, चार ठिकाणचे चार साचे. त्यांवर पेन्सिलीने खुणा केल्या आणि खिळ्याला अडकवले. मग प्रत्येक फ्रेटच्या कडेला ओल्या चिंधीने पाण्याचं बोट फिरवलं आणि तापलेली सोल्डरिंगची सळई फ्रेटवर टेकवली. चर्र झालं, वाफ आली, आणि पुढचं टोक घासून सपाट केलेल्या पकडीने फ्रेट एका टोकाकडून हळूहळू उचलला. लाकडाचा टवका उडाला तो फक्त एका जागी, आणि तो कपचा त्यांनी जिभेने ओला करून, डिंकाने परत जागेवर चिकटवला. आता शोधूनही सापडत नाही.

खाचांत काय भरायचं यावर मला काळजी होती. त्यांनी फळीवरचा डबा उघडला. सतारीवर नक्षी करायला जे पांढरं सेल्युलॉइड लागतं त्याचे तुकडे. एकेक पट्टी काचेच्या तुकड्याने खरवडून खाचेएवढी पातळ केली, दाबून बसवली, वर आलेली कानशीने उतरवली. आता माझ्या बेसवर फ्रेटच्या जागी वीस बारीक पांढऱ्या रेघा आहेत, नजर टाकली की सूर सापडतो. अंधाऱ्या स्टेजवर त्या रेघांची किंमत कळते. ज्यांना बिनरेघेची पट्टी मिरवायची हौस आहे त्यांनी मिरवावी.

मानेच्या आत लोखंडी सळई असते आणि ॲलन कीने ती ताणून मानेचा बाक कमी-जास्त करता येतो, हे चाचांना माहीत नव्हतं. मी करून दाखवलं. पाव फेरा फिरवला, त्यांनी तारेखालून उजेडाकडे बघितलं, परत फिरवायला लावला, परत बघितलं. "हे सतारीला का नाही कोणी केलं?" मग जरा थांबून, "बरं झालं नाही केलं. पोरांनी पिळून पिळून दांड्या मोडल्या असत्या."

खरी गंमत पट्टी घासताना झाली. जवारीवाले विचारतात, खुली हवी का बंद? खुली म्हणजे झणझणीत, उपस्वर भरपूर. बंद म्हणजे घट्ट, गोल. चाचांनी पहिल्या वेळी चारही तारा खुल्या करून दिल्या. एकट्याने घरी वाजवायला स्वर्ग. पण रिहर्सलला कीबोर्ड, ऑक्टोपॅड आणि ढोलकी एकदम सुरू झाली आणि माझी जाड तार सगळ्यांच्या मध्ये भणभणायला लागली. बेस खाली बसायला हवा. परत गेलो आणि सांगितलं, वरच्या दोन पातळ तारा खुल्या राहू द्या, खालच्या दोन बंद करा. यावर गिटारवाल्याने माझ्याकडे वेड्यासारखं बघितलं असतं. चाचांनी मान डोलावली. जाड तारांच्या बाजूला पट्टीच्या मध्यभागी कळेल न कळेल एवढी खोली दिली, पातळ तारांच्या बाजूला सपाटच ठेवलं. दर दोन हात मारले की पुठ्ठ्याचा साचा, मग तार चढवून कान, मग तार उतरवून परत घास. मी शेजारी बसून चहा पीत होतो आणि त्यांनी मला एकदाही "कसं वाटतंय?" असं विचारलं नाही. त्यांचं त्यांना कळत होतं.

निकाल असा. पातळ तारेवर बाराव्या रेघेच्या आसपास सूर धरला आणि बोट किंचित हलवलं तर तो फुगत जातो, गातो. त्या जागी मींड घेतली तर आमचा हार्मोनियमवाला हातातलं थांबवून बघतो. जाड तार घट्ट, स्पष्ट, लांब टिकणारी. तारा जिथून निघतात तिथली पट्टी, ज्याला गिटारवाले नट म्हणतात, ती त्यांनी जवारीच्या हाडाची नवी करून बसवली, मला न विचारता आणि जास्तीचे पैसे न घेता. आधीची प्लास्टिकची होती. मोकळ्या तारेचा आवाज यामुळेच इतका सुधारला असावा.

पण जाकोचा आवाज हवा म्हणून जाणार असाल तर तो मिळणार नाही, हे स्पष्ट सांगतो. त्याच्या पट्टीवर इपॉक्सीचा टणक थर होता म्हणून तो खरखरीत, गोल वळ्यांच्या तारा लावू शकायचा. त्यातून ती धार, ती गुरगुर. चाचा इपॉक्सीला हात लावत नाहीत. मी विचारून पाहिलं. "तो वास कारखान्यात नको, तंबोऱ्यांना बसतो," एवढंच उत्तर. त्यांनी चपड्याचं, म्हणजे लाखेचं, पॉलिश दिलं, पाच-सहा हात, दर हाताला कापडाची पुरचुंडी वेगळी. दिसायला अप्रतिम. पण चपडा मऊ. त्यावर खरखरीत तारा लावल्या तर वर्षभरात नाळी पडतील. म्हणून सपाट वळ्यांच्या, गुळगुळीत तारा लावाव्या लागल्या, आणि त्यांनी आवाजाची धार जाते, मऊ होतो. नाट्यगीताला, गझलेला, अभंगाला हा आवाज मला जास्त आवडतो. फंकला मुके घाव मारताना मात्र हात जरा जोरात लागतो, तो चटकदार कुरकुरीतपणा येत नाही. तारांचा संच चाचांच्या मजुरीपेक्षा महाग पडला, तेही हिशेबात धरा.

दुसरी कुरकुर पाचव्या रेघेपाशी. खालून दुसऱ्या तारेवर तिथे एक सूर इतरांपेक्षा लवकर मरतो. चाचांनी दोनदा बघितलं, म्हणाले लाकडातच आहे. हे मला पटतं. स्वस्त बेसच्या मानेत अशी मेलेली जागा असतेच, फ्रेट होते तेव्हाही तिथेच होती.

तिसरी म्हणजे गुणगुण. या घाटाच्या बेसला तारांचा आवाज उचलणारे दोन पिकअप, दोन्ही एकेरी वेटोळ्याचे. दोन्हींचा आवाज सारखा ठेवला तर एकमेकांची गुणगुण मारतात. घोडीजवळचा एकटा चालू केला, जो जाकोचा लाडका, की मंडपातल्या हॅलोजनसकट सगळं ऐकू येतं. यावर चाचा काही करू शकत नाहीत. आतली पोकळी तांब्याच्या पत्र्याने मढवायचं काम मी सांगलीत रेडिओ-टीव्ही दुरुस्तीवाल्याकडून करून घेतलं. कमी झालं, गेलं नाही.

स्टेजवर कुठे न्यायची तेही सांगतो. गणपतीच्या मंडपात नाही. वादकांकडे तोंड केलेले स्पीकर, म्हणजे मॉनिटर, फाटलेले, समोर भिंतीएवढे बॉक्स, स्वतःचा सूर ऐकू येत नाही. फ्रेट असले तर बोट थोडं मागेपुढे पडलं तरी फ्रेट सांभाळून घेतो, इथे सांभाळणारं कोणी नाही. कीबोर्डवाला त्याच्या जागी ठाम, गायिका तिच्या, आणि मध्ये बेस अर्ध्या श्रुतीने खाली. त्या कामाला मी दुसरी, फ्रेटवाली बेस ठेवलीय. तुमच्याकडे एकच बेस असेल तर ती फ्रेटलेस करून घेऊ नका, पोटावर येईल. छोट्या बैठकीला, चर्चमध्ये, सभागृहात जिथे स्वतःचा आवाज ऐकू येतो, तिथे ही काढावी. नाताळात कॅरलच्या खाली लांब स्वर धरून बसलो होतो तेव्हा पाद्रीसाहेबांनी नंतर येऊन विचारलं, चेलो कोणी आणला होता म्हणून.

मजुरी २५०० रुपये, ज्यात नट आणि पॉलिश आलं. वेळेचा भरवसा धरू नका. गणपतीचा सीझन संपल्यावर दिली होती, दिवाळीच्या आधी हातात आली, तीही मध्ये तीन वेळा "झालीच" ऐकल्यावर. कोणा गवय्याचा तंबोरा आला की तुमची गिटार भिंतीला टेकते आणि तिथेच राहते. यावर चिडून उपयोग नाही, गल्ली त्यांची आहे. मीरासाहेबांच्या उरुसात जाऊ नका, चालायलाही जागा नसते. चारचाकी तर एरवीही नेऊ नका. स्टेशनपासून रिक्षा करा, बेस सॉफ्ट बॅगेत पाठीला लावा.

नेताना ॲलन की, नव्या तारा आणि मोबाईलवर तुम्हाला हवा तसा आवाज असलेली एखादी रेकॉर्ड घेऊन जा. चाचांना इंग्रजी नावं सांगून काही होत नाही, ऐकवलं की होतं. आणि आधी ठरवून जा की कुठली तार खुली हवी आणि कुठली बंद. तेवढं सांगितलंत तर पुढचं विचारणार नाहीत. पैसे रोख चालतात, क्यूआर कोड धाकट्या मुलाच्या मोबाईलवर आहे आणि तो बहुतेक वेळा क्रिकेट खेळायला गेलेला असतो.